खापरातल्या हिरव्या सुया

मी एक जुना खापराचा कण आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. पण मी पूर्वी रांजण होतो. ज्या वर्षी अलुओच नवी नवरी होऊन या घरात आली, त्या वर्षी तिच्या सासूने, न्यागोरोने, मला घडवलं. रातेंग टेकडीच्या पायथ्याची माती तिने स्वतः खणली होती. आमच्याकडे एक रीत आहे, मित्रांनो. मेलेल्या कुंभारणीचं फुटकं मडकं फेकत नाहीत. ते कुटून नव्या मातीत मिसळतात. मडकं भाजताना तडकत नाही आणि बाईचं काम पुढे चालू राहतं. माझ्या पोटातही न्यागोरोच्या सासूच्या मडक्याचे कण होते.

चाळीस वर्षं मी दारात पाणी गार ठेवलं. सरोवरावरून येणारे कोळी त्या पाण्याचं कौतुक करत. मग माझा काठ फुटला आणि कोंबड्या माझ्यात चोची बुडवू लागल्या. न्यागोरो गेली त्या वर्षी मीही फुटलो. एकच मोठं खापर उरलं, ते भिंतीशी पडून राहिलं.

पुढे एका खडीच्या कंपनीने रातेंग टेकडी मागितली. तिची माणसं जमीन समितीपुढे म्हणाली, "या बायकांची जुनी मडकी पलीकडच्या बंदरावरून होड्यांतून आलेली. टेकडीशी यांचा काय संबंध?" समितीने दोन महिन्यांत पुरावा मागितला. टेकडी गेली असती तर माती गेली असती, आणि मातीबरोबर गावातल्या सगळ्या बायकांचं काम.

अलुओचची पुतणी अकेयो शहरातल्या संग्रहालयात दगड तपासायची. तिने फोन केला, "काकी, तुझ्या सासूचं खापर हरवू नकोस. मी येतेय."

महिन्याने ती आली.

"काकी, खापर कुठंय?"

"कुठं जाणार? त्या नव्या माठात आहे."

"कुटलंस?"

"मग काय उशाशी घेऊन झोपू? पोरं, कोंबड्या, कोण कुठं नेईल. आता कुठं जात नाही ते."

अकेयो ओट्यावर बसली. "समितीला काय दाखवू? तुझी जीभ?"

"दाखव. पळत सुटतील."

अकेयो हसली नाही. ती माठ न्याहाळत राहिली. "सासू आत असेल तर दिसेल. पण हा फोडावा लागेल."

अलुओचचे हात आता म्हातारे झाले होते. हा माठ तिला तीन वेळा थापावा लागला होता. यापुढे दुसरा माठ आपल्या हातून होणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिने मुसळ उचललं आणि स्वतःच घाव घातला.

"घे. घासताना घाई करू नकोस. माझ्यासारखी."

अकेयोने तुकडा काचेवर चिकटवला आणि घासत घासत केसाहून पातळ केला. पहिली चकती जास्त घासली जाऊन नाहीशी झाली. दुसरीही गेली. तिसरीला तिने दोन दिवस दिले. त्या चकतीत मी आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली माझ्यातून उजेड आरपार गेला. अलुओचच्या मातीत बारीक हिरव्या सुया दिसल्या, एका खनिजाचे सुईसारखे कण. माझ्यात त्याच. माझ्या पोटातल्या, न्यागोरोच्या सासूच्या कणात त्याच. अकेयोने दोन्हीकडची मातीही तपासली: टेकडीच्या मातीत त्या होत्या, बंदराच्या मातीत एकही नव्हती. अकेयोने मोठी छायाचित्रं समितीपुढे मांडली. "एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी," ती म्हणाली. "तिघी याच टेकडीच्या." समितीने टेकडी कंपनीला दिली नाही.

मित्रांनो, खापर पायाने उडवण्याआधी वाका. ते कुठे पडलं होतं ते लिहून ठेवा, आणि मग जाणत्या हातात द्या. आम्हाला बोलता येत नाही, पण कुणी धीराने घासलं तर आमच्यातून दिसतं.

निकालानंतर पाचव्या महिन्यात, भुईमुगाच्या काढणीत, अलुओच वारली. निकालानंतर पाचव्या महिन्यात, भुईमुगाच्या काढणीत, अलुओच वारली.