शंभर टक्क्यांची स्पंदनं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवर पुरुषभर उंचीचा आकडा झळकत होता : १००%. आईबाप पोरांना उचलून त्या आकड्याला हात लावायला धडपडत होते. एक आजोबा तर चक्क चपला काढून पुढे गेले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मंचावर आकडेबाबा. हुद्दा शिक्षण सल्लागाराचा, पण बोलणं ऐकाल तर थेट बुवा!

"आकडा कधी खोटं बोलत नाही, मायबापहो! वरच्या आळीतल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर, खालच्या आळीतल्या शाळेचा पंचावन्न. एकच वस्ती, एकच पाणी, मग फरक कशाचा? स्पंदनांचा! वरच्या शाळेत मी ज्ञानाची स्पंदनं जागवली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या पंचावन्नवाल्या शाळेत गणित शिकवणारी मीच. त्या आकड्यावरून आज मंचावर बसलेले शिक्षण खात्याचे साहेब आमची शाळा बंद करणार होते. शेजारी टेलरमामा आणि त्यांची मुलगी बसली होती, माझ्याच दहावीच्या वर्गातली. "शाळा गेली की हिचं शिक्षण संपलं, दुकानातलं मशीन हिची वाटच बघतंय," मामा म्हणाले.

"वरची शाळा घेईल की हिला," मी म्हटलं.

मामा पुटपुटले, "बाई, तिथंच होती हो ती. नववी संपताना हेडसरांनी बोलावलं. म्हणाले, पोरगी दहावीला आपटेल, चारचौघांत तुमचीच अब्रू जाईल, त्यापेक्षा आपणहून दाखला मागून घ्या. मी तर पाया पडलो त्यांच्या, केवढे उपकार केले म्हणून! कुणाला सांगू नका हं."

दरवर्षी दहावीला आमच्याकडे नवे चेहरे येतात. विचारलं की सगळे एकच सांगतात, "घर बदललं."

मी उभी राहिले. "साहेब, एकच विचारते. माझ्या वर्गातल्या मुलांनो, नववीपर्यंत वरच्या शाळेत कोण कोण होतं?"

पोरं आईबापांकडे बघत होती, आईबाप जमिनीकडे. मग मामांची मुलगी उठली. मामांनी तिचा हात खाली ओढला, तिनं तो सोडवून घेतला. मागे एक खुर्ची वाजली. मग दुसरी. बघता बघता माझा निम्मा वर्ग उभा होता. आईबाप एकमेकांची तोंडं बघत राहिले. ही लाज फक्त आपल्याच घरची, असं प्रत्येकाला वाटत आलं होतं.

"ही घ्या तुमची स्पंदनं!" माझा आवाज चढला. "टक्के निघतात ते परीक्षेला बसलेल्यांचे. कच्ची मुलं आधीच दाखला देऊन आमच्याकडे ढकलली, की यांचे शंभर होतात नि आमचे पंचावन्न. मरायला टेकलेले रोगी घरी धाडायचे आणि माझ्या दवाखान्यात कुणी मरत नाही म्हणून मिरवायचं! अहो, शाळा मोजायची तर पाचवीत किती मुलं आली, त्यांना तेव्हा काय येत होतं, दहावीपर्यंत किती टिकली आणि किती पुढे सरकली, ते मोजा ना!"

"नकारात्मक स्पंदनं..." आकडेबाबा हसले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

साहेबांनी घसा साफ केला. "मुद्दा बरोबर आहे, बाई. पण निर्णय झालाय."

बाहेर वरच्या शाळेच्या प्रवेशाच्या टेबलापाशी रांग लागली होती. रांगेतली एक आई मला म्हणाली, "पटलं हो तुमचं. पण माझा मुलगा हुशार आहे." मला तिचा संताप आला, आणि कीवही.

आमच्या शाळेला कुलूप लागलं. टेलरमामांच्या दुकानात आता त्यांची मुलगी काजं करत बसते. मला बघून उठायला जाते, मी बस म्हणते. वरच्या शाळेचा निकाल यंदाही शंभर टक्के लागला.

बाबांनो, आकड्यापुढे चपला काढू नका. कुणी शंभर दाखवले, की आधी विचारा : यातून कुणाला वगळलंय? आणि उत्तर मिळेपर्यंत त्या रांगेत उभे राहू नका.