प्रेमराजच्या लग्नाचं शूटिंग

दोंडाईच्याला ललितचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचं शूटिंग तो करायचा, एडिटिंग बायको सुलक्षणा. त्या सकाळी कॉम्प्युटर सुरू होताना अडला. वैतागून ललितने विंडोजच्या आधी येणारा कॉम्प्युटरचा मूळ सेटअप उघडला आणि सगळ्या सेटिंग डिफॉल्टवर टाकल्या. मग तर पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची एकच ओळ येऊ लागली.

त्याने विंडोज नव्याने टाकायला पेनड्राइव्ह लावला.

"अहो, थांबा," सुलक्षणा म्हणाली. "आपल्या दोन डिस्क जोडून एक केलेल्या आहेत. डिफॉल्टमुळे ती जोडणी बंद पडली असेल. आता फॉरमॅट केलंत, तर प्रेमराजभाऊंच्या लग्नाचं शूटिंग कायमचं जाईल."

"तूच काल काहीतरी बिघडवलं असशील."

तिने पेनड्राइव्ह उपसून मुठीत धरला. ललितने कीबोर्ड उचलून तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. ती मूठ उघडेना, तेव्हा त्याने तिचा हात धरून टेबलाच्या कडेवर आपटला.

तेवढ्यात प्रेमराज आत आला. लग्न झाल्यावर महिनाभरात त्याची आई, तानुबाई, वारली होती. तिचं चालणं, हसणं फक्त या शूटिंगमध्ये उरलं होतं. तेच न्यायला तो आला होता.

"शूटिंग गेलं," ललित घाईघाईने म्हणाला. "हिने घालवलं."

"मन्ही माय शे त्याम्हा!" प्रेमराज ओरडला.

कोपऱ्यातला कॅमेऱ्याचा स्टँड त्याने उचलला. पहिला घाव ललितच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. ललित खाली पडला. प्रेमराज पाठीवर, मांडीवर मारतच राहिला.

"भाऊ, सोडा त्यांना! काही गेलेलं नाही!" सुलक्षणा किंचाळली. त्याला ऐकूच जात नव्हतं.

ती मॉनिटरकडे वळली. सुजलेल्या बोटांनी तिने सेटअप उघडला. स्टोरेजमध्ये डिस्कच्या जोडणीचा प्रकार बदललेला होता. तिने तो पूर्ववत केला आणि सेव्ह केलं. मागे ललित विव्हळत होता. त्याचं विव्हळणं ऐकून आपल्याला दया येत नाहीये, हे तिला जाणवलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

कॉम्प्युटर सुरू झाला. फाइल होती. तिने आवाज मोठा करून ती लावली. मांडवात तानुबाई कोणाला तरी दटावत होती, "पोरीस्ले आधी जेवू द्या रे!"

स्टँड प्रेमराजच्या हातातून गळाला. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

सुलक्षणाने रिक्षा बोलावली. दवाखान्यात ललितच्या हाताला प्लास्टर घातलं, तिच्या ओठाला टाके पडले. जबाब घ्यायला हवालदार आले.

"तू पायऱ्यांवरून पडलीस म्हणून सांग," ललित पुटपुटला. "केस फक्त त्याच्यावर होऊ दे."

"साहेब," ती टाक्यांतून कसंबसं बोलली, "आधी यांनी मला मारलं. मग प्रेमराजभाऊंनी यांना. दोन्ही लिहा."

प्रेमराजने सगळं कबूल केलं. शूटिंगची प्रत तिने त्याच्या घरी पोचवली, आणि त्याच आठवड्यात धुळ्याला बहिणीकडे, दिपमालाकडे, राहायला गेली. ललितचे फोन येत राहिले, कॉम्प्युटर पुन्हा अडलाय म्हणून. तिने एकही उचलला नाही.