आक्काच्या बागेतली पहिली फेरी

झुंबरनं छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडायचा, फिरत्या पात्यांनी माती उकरणारा रोटर घेतला, तेव्हा द्राक्षाच्या मांडवाखाली शिरेल असं यंत्र दिंडोरीच्या त्या भागात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्यामुळे गडी हवेत होता. नवं औत आधी बहिणीच्या रानात चालवायचं ही त्यांच्या घरची रीत. म्हणून स्वारी थेट थोरल्या बहिणीच्या, भागीबाईच्या बागेत आली. तिचा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. "आक्का, तुझी बाग आता मीच बघतो," या झुंबरच्या शब्दावर तिनं बैलजोडीही विकून टाकली होती. मांडवाला घड लोंबत होते, त्यांवरच तिचं वर्ष निघायचं होतं आणि ओळींत तण माजलं होतं.

बांधावर माणसं जमली. भागीबाईनं ट्रॅक्टरला कुंकू लावलं, नारळ फोडला. झुंबरनं सगळ्यांच्या देखत रोटर जोडला. खालचे दोन दांडे पिनांत बसवले, वरचा दांडा आवळला, फिरता शाफ्ट खटकन अडकवला. वेलींच्या मुळ्या तुटू नयेत म्हणून खोलीची पट्टीही बेतानं लावली. जोडणीत त्यानं कुठं म्हणून चूक केली नाही.

शेजारचा कोंडाजी म्हणाला, "झुंबर, आधी मोकळ्या वावरात फिरवून बघ."

"कोंडाजीबाबा, उभा जन्म औत हाकण्यात गेलाय माझा!" झुंबर हसला.

पहिली ओळ झकास झाली. माती रव्यासारखी भुसभुशीत. झुंबर वळून वळून बांधाकडे बघत होता, कोण काय म्हणतंय ते ऐकायला. ओळ संपली की रोटर उचलायचा आणि मग वळायचं, एवढं साधं काम. पण कौतुकाच्या भरात ते राहून गेलं. जमिनीत फिरणारा रोटर ट्रॅक्टरला पुढेच रेटू लागला. समोर कोपऱ्याच्या खांबाला बाहेरून ओढून धरणारी ताणाची तार होती. पाय क्लचवर जायला हवा होता. झुंबरनं मात्र स्टिअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि बैल थांबवावा तसा तो ओरडला, "हो! हो रे राजा, हो!"

पुढची चाकं तारेवरून गेली, रोटरनं तार गुंडाळली आणि ती ताडकन तुटली. खांब आत कलला. तीन ओळींचा मांडव घडांसकट खाली बसला. इंजिन बंद पडलं. कुणीतरी फिसकन हसलं.

"तारच गंजकी होती!" झुंबर उतरता उतरता बोलून गेला. "दाजींनी भंगारातली लावलेली!"

खरं तर ती तार कोरी घेतलेली होती. दाजी जायच्या थोडं आधी नाशकाहून तिचं वेटोळं त्यांनी आणि झुंबरनंच आणलं होतं.

भागीबाईनं एकदा पडलेल्या मांडवाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग ती माणसांकडे वळली. "आमचे मालक व्हतेच जरा चिकट. त्याला हा काय करील? चला, मांडव उचलू लागा."

झुंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पक्कड घेऊन तो रोटरखाली शिरला आणि पात्यांना बसलेली तार सोडवू लागला. तार अजून चकाकत होती. वर कुणीतरी म्हणालं, "एवढा दिलदार माणूस, पण तारेत चिकटपणा केला व्हय!"

त्याला तिथं पडून राहवेना. तो मातीनं भरलेला बाहेर आला.

"तार नवी व्हती," तो म्हणाला. "दाजींनी चांगल्यातली चांगली घेतली, मी संगं व्हतो. रोटर उचलायचं मी इसरलो अन् ट्रॅक्टरला हो-हो करत बसलो. दाजींचा काय बी दोष नाय."

या खेपेला कुणी हसलं नाही. भागीबाईनं मातीतून उचललेला घड तिच्या हातात तसाच राहिला. मांडव पडला तेव्हाही न रडलेली ती बाई आता रडायला लागली.

"मला ठावं व्हतं रे," ती म्हणाली. "पर आधी बोलायचं व्हतंस. चार माणसांत त्यांना चिकट म्हणायला लावलंस मला."

झुंबर मान खाली घालून पुन्हा रोटरखाली शिरला. तार बरीच सोडवायची राहिली होती.