बादलीतलं पाणी कोणाचं ऐकतं?

मी एक जुनी जस्ती पत्र्याची बादली आहे. मित्रांनो, माझ्या कडीवर दोरीने पडलेली खाच दिसते ना? तिचीच ही गोष्ट.

पत्रा वाकवून, जोड झाळून मला घडवलं. मग मी एका इंजिनिअरच्या घरी आले. ते पाण्याच्या उंच टाक्यांचे आराखडे करत, म्हणून सगळे त्यांना टाकीवाले म्हणत. भरायचं आणि रितं व्हायचं, हा माझा रोजचा नेम. नेमात समाधान असतं.

निवृत्तीनंतर टाकीवाल्यांना सामान्य सापेक्षता या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा नाद लागला. त्यांनी मला न्हाणीघराच्या छताला टांगलं, दोरीला पीळ दिला आणि सोडलं. मी गरगर फिरू लागले, पाणी मात्र सपाट, निवांत. हळूहळू तेही फिरलं, कडेने चढलं, मधे खळगा पडला. मग त्यांनी मला धरून थांबवलं, तरी खळगा तसाच! पाणी माझं ऐकतच नव्हतं.

"मग हे ऐकतं कोणाचं?" ते पुटपुटले. "दूरच्या ताऱ्यांचं? वस्तूंचा जडपणा, आहे तसंच राहायचा हट्ट, तिथूनच येत असेल का?"

"ताऱ्यांचं मागाहून बघा," बायको म्हणाली. "आधी माझी बादली सोडा, कपडे खोळंबलेत."

ताऱ्यांची सगळी ओढ या जडपणाला पुरी पडते का, याचं गणित त्यांनी खडूने दारावर मांडलं. पुसलं, पुन्हा मांडलं. अखेर उत्तर तंतोतंत जुळलं! त्या दिवशी त्यांनी मला घासून लख्ख केलं. लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिने एकदा "बरोबर" म्हणावं, एवढीच त्यांची आस होती.

लेक आली. तिने दार वरपासून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, इथे दुप्पट कशाला?"

"ते होय? सुरक्षिततेसाठी. टाकीला आम्ही नेहमीच भार दुप्पट धरतो..." बोलता बोलता त्यांची चूक त्यांनाच कळली.

"अहो बाबा, विश्व काय गळणार होतं?" ती हसली, आणि त्यांचा चेहरा पाहून थांबली. दुप्पट काढलं की काहीच जुळत नव्हतं.

ती गेल्यावर त्यांनी ओल्या फडक्याने दार पुसलं. मला मागच्या अंगणात पालथं घातलं. माझ्या बुडावर कुंडी आली, कुंडीखाली गंज. टाकीवाले दिवसभर एकच वर्तमानपत्र उलटसुलट वाचत बसत.

एका सकाळी बायकोने कुंडी उचलली. माझ्या बुडाला गंजून पडलेलं भोक बुजवून आणलं, मला भरून स्वतः टांगलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"तुमचं गणित चुकलं, कबूल. म्हणून पाण्याने चढायचं सोडलंय का? बघा तरी!"

त्यांनी नाइलाजाने पीळ दिला. पाणी चढलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, आणि मग म्हणाले, "अगं, खडू कुठे ठेवलास?"

"तुमच्या लेकीला विचारा. सुट्टीत येतेय, खडू घेऊनच. आणि कपडे आज तुम्ही धुवायचे."

मित्रांनो, माझ्या बुडाला आता ठिगळ आहे, पण मी गळत नाही. एवढंच मागणं आहे: काम झालं की बादली कोरडी करून ठेवावी. आणि उत्तर चुकलं, म्हणून प्रश्न कधी पालथा घालू नये.