करकोच्यांचं पान

नगरच्या एका छोट्या छापखान्यात रंगनाथ बारा वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, जाहिराती आणि मालक मार्तंडराव चालवत ते मासिक, सगळं त्याच्याच बोटांखालून जायचं. सेहेचाळीसच्या डिसेंबरात मासिकासाठी नेवाशाहून एक कविता आली, मुलींच्या शाळेतल्या सुनीतीबाईंची. तिला ना वृत्त, ना यमक. शिवाय एक ओळ डावीकडे, दुसरी मध्येच, तिसरी पार उजव्या कडेला. बाईंनी घाईत लिहिली असणार, असं समजून रंगनाथने सगळ्या ओळी एका रेषेत आणल्या आणि प्रूफ पाठवून दिलं.

चार दिवसांनी सुनीतीबाई स्वतःच मोटारीने आल्या. पंचविशीच्या, केसांवर रस्त्याची धूळ. प्रूफ त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "यातले पक्षी कुठं गेले?"

"शब्द समदे हाईत बाई, मोजून बघा. ओळी वाकड्या हुत्या, तेवढ्या सरळ केल्या."

"वाकड्या नव्हत्या. उडत होत्या."

मार्तंडराव खुर्चीतून हसले. "अहो, कविता कानाने ऐकायची. ती डोळ्यांनी कसली बघता?"

बाईंनी रंगनाथला विचारलं, "करकोचे उठताना पाहिलेत कधी?"

त्याने पाहिले नव्हते.

"रविवारी पहाटे प्रवरेवर या. मग तुम्हाला पटेल तसं छापा."

तो शनिवारीच नेवाशाला मावशीकडे जाऊन राहिला. उजाडताना बाईंबरोबर काठावर उभा राहिला, तेव्हा वाळूत राखी रंगाचे शे-दोनशे पक्षी मान खाली घालून चालत होते. मग कशाने कोण जाणे, एक उठला. त्याच्यामागे दहा, त्यांच्यामागे सगळेच. आभाळात तिरकी ओळ झाली, तुटली, पुन्हा जुळली. एक पक्षी बराच मागे राहिला होता. रंगनाथची बोटं खिळे जुळवावेत तशी आपोआप हलायला लागली.

"बाई, कागद द्या. 'निघाले' हा शब्द अजून वर पायजे. आन् 'मागे' हा एकटाच ठिवायचा, लांब."

बाईंनी पेन्सिलही दिली. ऊन चढेपर्यंत दोघं वाळूत बसून भांडले. "ही ओळ वर न्यायची नाही," बाई म्हणाल्या, "ही नदी आहे, ती खालीच राहणार." तेवढं मात्र त्याने ऐकलं.

सोमवारी तो जुळवायला बसला. ओळींमधली जागा भरता भरता छापखान्यातले कोरे खिळे संपले, तेव्हा सुताराकडून लाकडाच्या पट्ट्या कापून आणल्या. प्रूफ बघून मार्तंडराव म्हणाले, "अर्धं पान मोकळं सोडलंस? तिथं चहाची जाहिरात बसेल."

बारा वर्षांत रंगनाथ मालकांना उलट बोलला नव्हता. "तिथं आभाळ हाय, मालक."

मार्तंडरावांनी कागद हात लांब करून धरला. दाराशी उजेडात नेला. त्यांचं बोट ओळींमागून तिरकं वर सरकत गेलं. "छाप," ते म्हणाले.

अंक निघाला. दोन वर्गणीदारांनी तो परत पाठवला. जामखेडच्या एका मास्तरांनी मात्र ते पान वर्गाच्या भिंतीवर चिकटवल्याचं कळवलं.

फेब्रुवारीत रंगनाथच्या नावाने पाकीट आलं. आत बाभळीवरची नवी कविता, सगळे शब्द एकाखाली एक. सोबत दोनच वाक्यं होती: 'या ओळी कशा बसवायच्या, ते मलाही कळलेलं नाही. आधी झाड बघून या.'

रंगनाथने हाताची शाई पुसली आणि मालकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली.