बेचाळीस नंबरची तार

"सर, ही तुम्हीच पाठवली होती ना?" वृंदाने झेरॉक्सचा कागद टेबलावर सरकवला.

श्रीरंगराव हर्डीकरांनी चष्मा लावला. तीन देशांत राजदूत राहिलेला हा माणूस निवृत्तीनंतर मानेसरजवळच्या एका खासगी विद्यापीठात मुत्सद्देगिरी शिकवायचा. वर्गातली पोरं त्यांना जाम भ्यायची. मागून मात्र 'एक्सलन्सी' म्हणायची.

'भारतीय मजूर सुरक्षित आहेत, जहाजाची तातडी नाही,' असं त्या तारेत होतं. ती गेल्यावर सहाव्या दिवशी ते राजदूत होते त्या देशाच्या बंदरावर अकरा मजूर मारले गेले. सत्तावीस वर्षांनी फाइल खुली झाली आणि वृंदाने प्रबंधासाठी नेमकी तीच काढली. पोरगी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, फाइल कशी वाचायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"पण एक अजीब गोष्ट आहे, सर. एक्केचाळीस नंबरची तार आहे, ही त्रेचाळीस. मधली बेचाळीस गायब. काय होतं त्यात?"

श्रीरंगरावांचे कान तापले. "उद्या सांगतो," एवढंच ते म्हणाले.

बेचाळीसमध्ये त्यांनी लिहिलं होतं, यादवी बंदरापर्यंत आली आहे, चारशे माणसं अडकलीत, जहाज आजच सोडा. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून दीनानाथचा फोन आला. दीनानाथ त्यांच्याच बॅचचा, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयात. बायकोला, अहिल्याबाईंना, भाऊ नाही म्हणून लग्नात श्रीरंगरावांचा कान पिळला होता तो यानेच. तो म्हणाला, "इथे संसदेत गोंधळ चाललाय. जहाजाला वेळ लागेल. एक शांत करणारी तार पाठव. तुझी आधीची फायलीत राहील, शब्द देतो." श्रीरंगरावांनी पाठवली. तारेची प्रत घरी न्यायची नाही हा नियम, तोही पाळला. एवढे सोवळे अधिकारी ते!

संध्याकाळी घरी येताच त्यांनी फोन लावला.

"दीनू, दोन ओळी लिहून दे. बेचाळीस तू वाचली होतीस, बस."

"अरे यार, पंचाहत्तरी आली आपली. आता कशाला जुनी मढी उकरतोस?"

"ती फायलीत का नाही?"

"मीच काढली. त्या वर्षी माझं प्रमोशन होतं. दोन्ही तारा राहिल्या असत्या तर माझा फोन बाहेर आला असता. आणि हे बघ, दुसरी तार तूच लिहिलीस ना? मी काय तुझा हात धरला होता?"

श्रीरंगरावांनी फोन ठेवला. केसाने गळा कापला होता मित्राने, आणि कापून वर कितीतरी भाऊबिजा याच घरात पाटावर बसून ओवाळून घेतल्या होत्या. वाईट याचं वाटत होतं की त्याचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं.

फोन स्पीकरवर होता, अहिल्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. "अहो, त्या मुलीला सांगा. नावानिशी सांगा. आणि या भाऊबिजेला तो इथे यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वृंदाला सगळं सांगितलं, दीनानाथच्या नावासकट. ती मन लावून ऐकत होती. मग चाचरत म्हणाली, "सर, काही लेखी आहे?"

"नाही."

"मग प्रबंधात नाही घेता येणार, सर. तुम्हीच शिकवलंय, कागद नाही तर काही नाही." ती ओशाळली. "पण मी तुमचं नाव नाही टाकत. फक्त 'तत्कालीन राजदूत' लिहिते. बिल्कुल कुणाला कळणार नाही."

तिने हे प्रेमाने म्हटलं होतं, म्हणूनच त्यांना फार लागलं. बेचाळीस नंबरची तार त्यांनी खरंच लिहिली होती, यावर आता बायकोखेरीज कुणीही विश्वास ठेवणार नव्हतं.

महिन्याभराने प्रबंधाचं ते प्रकरण तपासायला त्यांच्याकडेच आलं. बेचाळीसबद्दल एक तळटीप होती, 'उपलब्ध नाही.' तिला त्यांनी हात लावला नाही. जिथे जिथे 'तत्कालीन राजदूत' होतं, तिथे तिथे लाल पेनाने खोडून वर लिहिलं, श्रीरंग हर्डीकर. शेवटच्या पानावर 'अकरा मजूर मृत्युमुखी पडले' असं वाक्य होतं. त्याच्याखाली रेघ ओढून त्यांनी समासात लिहिलं, 'यांचीही नावं फायलीत आहेत. घाला.'