शनिवारचा ताजा बिबा

रुख्माबाईच्या बोटांना बिबा कधी उतला नाही, याचा तिला भारी तोरा होता. बाकीच्या बाया बिबा हातात घ्यायला भितात. त्याचं काळं तेल लागलं की कातडी लालभडक होते, फोड येतात आणि खाजेने जीव नकोसा होतो. रुख्माबाई मात्र खुशाल तापल्या दाभणाने बिबा टोचायची, काळ्या दोऱ्यात ओवायची आणि नातवाच्या गळ्यात बांधायची. नातू होताच तसा गुबगुबीत! अशा पोराला नाही तर काय दगडाला दृष्ट लागणार? दर शनिवारी जुना बिबा काढायचा आणि ताजा बांधायचा, हा नेम तिने बारशापासून पाळला होता. सेलूच्या बाजाराला गेली की भाजी एकवेळ विसरेल, बिबे विसरायची नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची कापसाची वेचणी सुरू झाली आणि तिची सून नलू जरा विचित्रच वागायला लागली. पोराला पाजायला घेतलं की भिंतीकडे तोंड करून बसायची. पदराखाली हात घालून खाजवायची, आणि कोणी बघितलं की हात झटकन बाहेर.

"काय झालं वं?" रुख्माबाईने विचारलं.

"काई नाई, आत्याबाई. घामानं खाजवते."

थंडीच्या दिवसांत घाम! रुख्माबाई काय दूधखुळी होती? तिने सरळ दाराची कडी लावली आणि म्हणाली, "दाखव." नलू लाजेने अर्धी झाली, पण सासूपुढे तिचं काय चालणार! तिने चोळी सोडली. डाव्या स्तनावर, वरच्या अंगाला, लाल चट्टा उठला होता. बारीक फोड, त्यातून पाणी, आणि वर नखांचे ओरखडे.

रुख्माबाईने वाकून चट्टा निरखला. तिची धाकटी बहीण शकुंतला अशीच गेली होती. तिलाही आधी नुसती खाज होती, मग खपली धरली, मग गाठ. "बायामाणसाची जागा, कोणाले दाखवू?" म्हणत पोरीने लपवून ठेवलं, आणि दाखवलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आता तेच माझ्या घरात आलं की काय, या धास्तीने रुख्माबाईला जेवण जाईना.

शेजारच्या आनंदाबाईला कुठून वास लागला, देव जाणे. येऊन बसली आणि म्हणाली, "दृष्ट हाये ही. दुधावरची दृष्ट. आन् दूध आटवून टाका बाई, नाईतर लेकराले बाधन."

झालं! रुख्माबाईने कडुलिंबाचा पाला उकळला, हळद-तेल लावलं, आणि नातवाच्या गळ्यात एकाऐवजी दोन ताजे बिबे बांधले. चट्टा वाढला. तिने तिसरा बांधला. चट्टा आणखी पसरला. पोर अंगावर घेतलं की नलू दाताखाली ओठ दाबून धरायची.

"आत्याबाई, पाया पडतो तुमच्या, पण लेकराचं दूध नोका तोडू," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

ते रडणं रुख्माबाईला सोसलं नाही. मुलगा, मधुकर, म्हणत होता की वेचणी आटोपली की दवाखान्यात जाऊ. त्याच्यावर ती अशी कडाडली की बैलांनी माना वर केल्या. "कापूस काई पऱ्हाटीवरून पळून नाई चालला! मी आजच नेतो इले!" आणि सून-नातवाला घेऊन तिने वर्ध्याची बस पकडली.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, चष्मेवाली. खोलीत चिटपाखरू नव्हतं, तरी रुख्माबाई पदर पसरून आडोसा धरून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी चट्टा पाहिला, दोन्हीकडे नीट दाबून पाहिलं, काखेत पाहिलं. रुख्माबाईचा जीव नुसता टांगणीला लागला. एवढ्यात नातवाने भूक लागली म्हणून भोकाड पसरलं.

"पाजा त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी बघते."

नलूने पोराला आडवं घेतलं. तो लुचायला लागला तसे गळ्यातले बिबे झबल्यावरून घसरले आणि बरोब्बर चट्ट्यावर येऊन टेकले. डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या.

"हे रोज इथंच येतात?"

"हाव," नलू म्हणाली.

त्यांनी दोरा कात्रीने कापला आणि बिबे चिमट्याने उचलले. भोकांपाशी तेल चकाकत होतं. पोराच्या झबल्यावरही काळपट डाग पडले होते. जाड झबलं होतं म्हणून पोर वाचलं. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि चक्क हसल्या.

"गाठ नाही, काही नाही. बिबा उतलाय."

"बिबा?" रुख्माबाईने आडोशाचा पदर खाली सोडला. "नुसता बिबा?"

"नुसता. आणि तोही दर आठवड्याला ताजा!"

शरमेने तिचं तोंड एवढंसं झालं. पण खरं सांगायचं तर आनंद शरमेहून मोठा होता, इतका की तिला हसू आणि रडू एकदमच आलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. पाजून झाल्यावर पातळ लावायचं, पाजायच्या आधी पुसून घ्यायचं. साबण, हळद, तेल सगळं बंद. गार पाण्याने धुवायचं, मऊ सुती चोळी सैल घालायची, नखं कापायची. दूध मुळीच तोडायचं नाही. आणि एवढ्यानेही बरं वाटलं नाही, तर परत येऊन दाखवायचं. मग त्यांनी नलूला विचारलं, "इतके दिवस लपवलंस का गं?"

"लाज वाटे," नलू म्हणाली. "आत्याबाईनं दार लावून पाह्यलं म्हणून. नाईतर मी कोणालेच नसतं सांगतलं."

रुख्माबाईला शकुंतला आठवली. तिच्या घरी दाराची कडी लावून "दाखव" म्हणणारं कोणी नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले.

परतीच्या बसमध्ये नलूला खिडकीपाशी जागा मिळाली. पवनारचा पूल आला, तरी तिचं लक्ष पोराच्या गळ्याकडेच.

"आत्याबाई, गळा कसा मोकळा मोकळा दिसून राह्यला याचा. दृष्ट लागन न्."

"बाप्पा! मलेच शिकवतं का?" रुख्माबाईने नातवाच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि त्याच्या गालावर ठसठशीत तीट लावली. नलू खुदकन हसली. किती दिवसांनी हसली पोरगी! रुख्माबाई बघतच राहिली. बोटावर थोडं काजळ उरलं होतं, ते तिने नलूच्या कानामागे लावलं.

"अवो, मले काऊन?"

"चूप राय," रुख्माबाई म्हणाली. "तूही लेकरूच हायेस."